रोशाचा वास आणि सातपुड्याचे डास

सातपुड्याच्या पायथ्याशी घर बांधून राहणाऱ्याने पाऊस, वाघ आणि डास या तिघांविषयी तक्रार करू नये, असे आमची आजी म्हणत असे. आपण त्यांच्या मुलखात आलो, ते आपल्या मुलखात आले नाहीत, हा तिचा युक्तिवाद. पुढे वाघ पेंचच्या राखीव जंगलापुरते उरले, पाऊसही बेभरवशाचा झाला. डासांनी मात्र आपला वारसाहक्क सोडलेला नाही. भाद्रपदात कन्हानचे पाणी उतरू लागले की आमच्या रामाकोन्यात दिवेलागणीला दारे लावण्याची घाई आजही तशीच होते.

या अंकाच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घराण्यांची कथा आमच्यासारखीच असेल. कोणी भोसल्यांच्या राजवटीत आले, कोणी होळकर-शिंद्यांच्या पदरी आले, आणि आले ते तेथलेच झाले. आमचे पूर्वज सौसर परगण्यात स्थिरावले तेव्हा हा मुलूख नागपूरच्या राज्याचा होता. पुढे तो मध्यप्रांत आणि वऱ्हाडात गेला, १९५६ साली भाषावार रचनेत मध्य प्रदेशात राहिला, आणि २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून निघून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आला. दप्तरे बदलत गेली, आम्ही जागचे हललो नाही. भाषेचे म्हणाल तर घरात ‘डास’, शाळेत ‘मच्छर’ आणि सरकारी कागदावर ‘मलेरिया’ असा तिहेरी संसार आम्ही लहानपणापासून केला. त्याने आणलेल्या दुखण्याला आजी ‘हिवताप’ म्हणे, गडीमाणसे ‘थंडीताप’ म्हणत. नाव कोणतेही असो, गोधडीखाली दातावर दात वाजणारा माणूस एकच.

डासांशी माणसाचे हे वैर जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात मशकांचे पाच प्रकार सांगितले आहेत: सामुद्र, परिमंडल, हस्तिमशक, कृष्ण आणि पार्वतीय. यांतील शेवटच्या, म्हणजे डोंगराळ प्रदेशातील मशकाचा दंश प्राणघातक कीटकांच्या दंशासारखा समजावा, असे तेथे म्हटले आहे. सूक्ष्मदर्शक यंत्र नसलेल्या त्या काळी हे निरीक्षण कशावरून केले असेल, याचे आम्हांस फार नवल वाटते. डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी वाढतो, हे रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डोळ्यांनी पाहिले ते २० ऑगस्ट १८९७ रोजी. ‘डोंगरातला डास वाईट’ हे मात्र आमच्या भागातील गुराख्यालाही ठाऊक होते.

वैर जुने तसे उपायही जुने. आमच्या वाड्यात सायंकाळी आधी गोठ्यात आणि मग ओसरीवर धुरी होई. शेणीच्या निखाऱ्यावर कडुनिंबाचा आणि निर्गुडीचा ओला पाला टाकत. धान्याच्या कोठीतही निर्गुडीच्या डहाळ्या ठेवीत. त्या धुराने डास हटत हे खरे, पण आमचे डोळेही चुरचुरत आणि आजीचा खोकला बळावे. धूर डासाला वेगळा आणि माणसाला वेगळा नसतो. पुढे धुरीची जागा दुकानातल्या हिरव्या गुंडाळीने घेतली. अशी एक गुंडाळी बंद खोलीत जाळली तर तिच्यातून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके भरतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. तेव्हा ‘जुने ते धुराचे आणि नवे ते स्वच्छ’ असा हिशेब काही जमत नाही.

धुराशिवाय आणखी एक वस्तू आमच्या घरात होती, आणि तीच आजच्या निबंधाचे निमित्त आहे. आजोबांच्या उशाशी एक काळपट बाटली असे. तिच्यात रोशेल, म्हणजे रोशा गवताचे तेल. गुडघ्यांच्या वाताला ते रोज रात्री गोडेतेलात मिसळून चोळून घेत. वास गुलाबासारखा, पण मागाहून सुंठीसारखा नाकात चढणारा. आजोबांच्या खाटेला खाट लावून झोपण्यासाठी आम्हा मुलांत भांडणे होत. आजोबांच्या गोष्टी हे त्याचे सांगितले जाणारे कारण होते. खरे कारण असे, की त्या खाटेच्या आसपास डास कमी फिरकत. त्या वयात आम्ही याचा कार्यकारणभाव लावला नाही, लाभ तेवढा घेतला.

रोशा गवत आमच्या मुलखाचे खास धन. मराठीत याला तिखाडीही म्हणतात, आयुर्वेदाच्या निघंटूंत ‘रोहिष’ हे नाव येते. वनस्पतिशास्त्राने त्याला जे नाव दिले, त्याच्या उत्तरार्धात लखनौच्या ला मार्टिनिअर विद्यालयाचे संस्थापक जनरल क्लॉड मार्टिन यांची आठवण आहे. टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धाच्या वेळी त्यांनी या गवताचे बी मिळविले होते. गवती चहा आणि सिट्रोनेला ही याचीच भावंडे. खानदेशातील तळोदे, शहादे, नंदुरबार, पिंपळनेर या भागांत आणि इकडे निमाड, बैतूल, मेळघाट या पट्ट्यात याच्या भट्ट्या लागत. तेल मुंबईच्या बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानाकडे जाई. तेथे गुलाबाच्या अत्तरात त्याची भेसळ होई. युरोपच्या बाजारात याला ‘तुर्की जिरॅनियम तेल’ असे नाव पडले होते. सातपुड्यातील गवत तुर्कस्तानात जाऊन गुलाब होत असे, आणि ते कापणाऱ्या कोरकू-गोंडांना या गोष्टीचा गंधही नसे!

सेवेत असताना १९९०च्या दशकात बैतूल जिल्ह्यात आमची नेमणूक होती. तेथे दौऱ्यावर एका नाल्याकाठी अशी भट्टी आम्ही प्रत्यक्ष पाहिली. गवत फुलोऱ्यावर आले की, म्हणजे पावसाळा सरता सरता, हे काम चाले. मोठ्या लोखंडी देगेत गवत दाबून भरायचे, वर पाणी ओतायचे, झाकणाची फट कणकेने लिंपायची. झाकणातून निघालेली बांबूची नळी सुतळीने घट्ट गुंडाळलेली, आणि तिचे दुसरे तोंड वाहत्या पाण्यात बुडवून ठेवलेल्या तांब्याच्या भांड्यात. खाली जाळ, बाजूला नाल्याचे थंड पाणी, एवढेच यंत्र. वाफेबरोबर तेल येई आणि पाण्यावर तरंगे. ते वरच्यावर काढून घ्यायचे. शंभर किलो गवतामागे हाती येणारे तेल अर्ध्या किलोच्या आसपास. तळण्याच्या तेलासारखे हे तेल दाबून निघत नाही आणि उघडे ठेवले तर टिकत नाही. म्हणून शास्त्रीय मराठीत याला ‘बाष्पनशील तेल’ म्हणतात. हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

रोशाचे दोन प्रकार. उघड्या, पाणी न साचणाऱ्या उतारावर विरळ उगवतो तो मोतिया. सखल, दमट जागी दाट माजतो तो सोफिया. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल नावाचे सुगंधी द्रव्य तीन चतुर्थांशाहून अधिक असते, म्हणून अत्तरवाल्यांची पसंती त्याला. सोफियाच्या तेलात ते कमी, वास उग्र, म्हणून भाव उतरता. ठेकेदार सोफियाला नाक मुरडीत आणि मजुरांनी दोन्ही गवते एकत्र कापली तर मजुरी कापीत.

आता गंमत पाहावी. १९९४ साली दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी याच सोफियाच्या तेलाची डासांवर परीक्षा घेतली. निर्भेळ तेल अंगाला लावलेल्या माणसांना हिवतापाच्या डासापासून, म्हणजे अ‍ॅनॉफिलीसपासून, रात्रभर, बारा तास संरक्षण मिळाल्याचे त्यांनी नोंदविले. अत्तरवाल्यांनी ज्याला कमअस्सल ठरविले त्याचीच डासाने दखल घेतली. या केंद्राने कडुनिंबाच्या तेलाचीही परीक्षा घेतली होती. तिचे १९९३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की खोबरेल तेलात शेकडा दोन या प्रमाणात कडुनिंबाचे तेल मिसळून लावले तर अ‍ॅनॉफिलीस बारा तास चावत नाहीत. पुढे हा प्रयोग आपल्याच मध्य प्रदेशात, मंडला जिल्ह्यातील आदिवासी गावांत झाला. तेथे एक ते चार टक्के मिश्रणाने ८१ ते ९१ टक्के संरक्षण मिळाल्याचे १९९५ साली प्रसिद्ध झाले. कडुनिंबाचे तेल बियांपासून घाण्यावर निघते, ते बाष्पनशील नव्हे. पण गावकऱ्याच्या दृष्टीने दोन्ही झाडपाल्याचीच औषधे.

येथे कोणी म्हणेल, मग प्रश्न सुटला! आजोबांची बाटली बरोबर होती, रानातले गवत पुरेसे आहे, बाजारातील रसायने कशाला हवीत? हा प्रश्न आमच्या घरीही जेवणाच्या पानावर निघतो. सूनबाईंचा ओढा ‘नैसर्गिक’ या शब्दाकडे आहे. त्यांची काळजी रास्त आहे. अंगणात खेळणाऱ्या नातवंडांच्या हातापायांना काय चोपडायचे, हे ठरविणारी त्यांची आई असते. परंतु उत्तर एका शब्दात देता येण्यासारखे नाही. कारण २००२ साली अमेरिकेतील एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात फ्रॅडिन आणि डे या दोघांनी प्रसिद्ध केलेले निष्कर्ष नेमके उलट दिसतात. पंधरा स्वयंसेवकांनी निरनिराळी औषधे लावून डासांनी भरलेल्या पिंजऱ्यांत हात घातले. सुमारे चोवीस टक्के ‘डीट’ असलेल्या औषधाने सरासरी ३०१ मिनिटे, म्हणजे पाच तास, एकही डास बसू दिला नाही. सोयाबीन तेलाच्या एका औषधाने ९४ मिनिटे तग धरला. सिट्रोनेलाची औषधे वीस मिनिटेही टिकली नाहीत.

एकीकडे बारा तास, दुसरीकडे वीस मिनिटे. यांतले एक खोटे मानण्याचे कारण नाही. परीक्षा वेगळ्या होत्या. एके ठिकाणी निर्भेळ तेल होते, दुसरीकडे दुकानात मिळणारे सौम्य मिश्रण. एके ठिकाणी गावातील रात्र होती, जेथे डासाला शेजारचे बैलही मोकळे होते. दुसरीकडे पिंजऱ्यात कोंडलेला भुकेला डास आणि समोर एकच हात. गवतही निराळे, डासाची जातही निराळी. पिंजऱ्यातला डास एडिस जातीचा होता, डेंग्यू पसरविणारा. सरकारी नोकरीत आम्ही एक गोष्ट शिकलो. दोन तहसीलदारांचे अहवाल परस्परविरोधी आले तर आधी दोघांनी मोजणी कोणत्या दिवशी आणि कोणत्या शेतात केली ते पाहावे.

या साऱ्याच्या मुळाशी तो शब्द आहे: बाष्पनशील. डासाची मादीच चावते, कारण अंडी घालण्यास तिला रक्तातील प्रथिने लागतात. ती आपल्याला शोधते ती डोळ्यांपेक्षा वासाने. आपल्या श्वासातील कर्बद्विप्राणिद वायू, घामातील आम्ले आणि अंगाची ऊब हे तिचे वाटाडे. रोशा, सिट्रोनेला, गवती चहा यांच्या तेलांचे कण हवेत उडतात आणि तिची वाट चुकवितात. म्हणजे हे तेल उडते म्हणून उपयोगी पडते, आणि उडते म्हणूनच संपते. त्यात खोबरेल मिसळले की उडण्याची गती मंदावते. आजोबांच्या गोडेतेलाचे हेच काम होत असावे. लिंबासारख्या वासाच्या निलगिरीपासून केलेले पीएमडी नावाचे द्रव्य तेवढे यास अपवाद. ते फारसे उडत नाही, म्हणून काही तास टिकते. पण ते पानांच्या कच्च्या तेलात नाममात्र असते, प्रक्रिया करून वाढवावे लागते. तीन वर्षांखालील मुलांना ते लावू नये, अशी अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेची सूचना आहे. ‘निसर्गाचे’ म्हणून ‘निरुपद्रवी’ असे समीकरण येथेही लागू पडत नाही. निर्भेळ तेलाने कोवळ्या त्वचेची आग होते. निलगिरीचे तेल मुलाच्या पोटात गेले तर विषबाधा होते.

आता एक घरची गोष्ट सांगणे भाग आहे. १९५३ साली देशात मलेरिया नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ साली त्याला निर्मूलनाचे रूप आले. आमच्या बालपणी पाठीवर पंप घेतलेले डीडीटी फवारणीवाले येत आणि दारावर गेरूने तारीख लिहून जात. आई देवघर आणि स्वयंपाकघर फवारू देत नसे. देशातील रुग्णसंख्या १९६५ च्या सुमारास लाखाच्या आसपास उतरली होती. पण यश आले की सैलपणाही येतो, आणि डासही डीडीटीला सरावले. १९७६ साली देशात चौसष्ट लाखांवर रुग्ण नोंदले गेले.

त्या चौसष्ट लाखांत आमचा आतेभाऊ होता. वय बावीस. एका जंगल ठेकेदाराकडे तो मुनीम होता, आणि काम होते रोशाच्या भट्ट्यांवर हिशेब लिहिण्याचे. दिवाळीला घरी आला की त्याच्या धोतराला, वहीला, पिशवीला रोशाचाच वास. आत्या म्हणे, याचे कपडे धुऊन पाणी फेकायला नको, अत्तर म्हणून विकावे. त्या वर्षी तो दिवाळीला आला नाही. कार्तिकात ताप आला, तिसऱ्या दिवशी शुद्ध हरपली, बैलगाडीतून दवाखान्यात पोचेपर्यंत सारे संपले होते. तापाने मेंदू गाठला होता, असे डॉक्टर म्हणाले.

ज्याच्या अंगाला आठही प्रहर रोशाचा वास, त्याला डास कसा चावला? घरात हा प्रश्न कितीतरी वर्षे कोणी ना कोणी विचारीत राहिले. आत्याने तर त्या तेलाची बाटली घरात पुन्हा येऊ दिली नाही. आमच्या मते उत्तर कठीण नाही. भट्टीवरची माणसे दिवसभर वाफेत उभी राहत आणि सायंकाळी नाल्यावर स्वच्छ अंघोळ करून तेथेच काठावर उघड्यावर झोपत. अ‍ॅनॉफिलीस दिवसा चावत नाही, तो चावतो रात्री. पावसानंतर ओसरलेल्या नाल्यातील आणि नदीपात्रातील स्वच्छ पाण्याची डबकी हेच त्याचे माहेर. भट्टीला थंड पाणी हवे म्हणून ती नाल्याकाठी, आणि डासालाही तेच पाणी हवे. दिवसाच्या वासाने रात्रीचे रक्षण केले नाही. कपड्यांना वास होता. अंगावर मच्छरदाणी नव्हती.

डेंग्यूचा हिशेब याच्या अगदी उलटा. एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि दिवस मावळण्यापूर्वी जोर करतो, आणि साठवलेल्या पाण्यात वाढतो. आमच्या भागात उन्हाळ्यात घरोघरी कूलर लागतात. कित्येक घरी अजून वाळ्याच्या ताट्या बसवितात. वाळ्याचे तेलही डासांना अप्रिय आहे. पण ताटीचा सुगंध खोलीभर पसरत असताना खाली टाकीतल्या न बदललेल्या पाण्यात एडिसच्या अळ्या वळवळत असल्याचे आम्ही स्वतः दाखवून दिलेले आहे. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासली, तर जे साधते ते वाळ्याने, रोशाने किंवा कोणत्याही बाटलीने साधत नाही.

हे सारे लिहिण्यास एक ताजे कारण घडले. गावातील बाया-मंडळींचा एक बचत गट आहे. संत्र्याच्या बागांत तोडणीला जाणाऱ्या, अल्पभूधारक घरांतील बारा जणी. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने रोशाचे सुधारित वाण काढले आहेत; त्यांतील दोघांची नावे ‘तृष्णा’ आणि ‘तृप्ता’. या बायांनी एकराच्या तुकड्यात रोशा लावला. आता तेल काढून, खोबरेलात मिसळून, डासांचे तेल म्हणून आठवडी बाजारात विकण्याचा त्यांचा बेत आहे. आम्ही निवृत्त अधिकारी, म्हणून अर्ज आणि बाटलीवरची चिठ्ठी लिहून देण्याचे काम आमच्याकडे आले. डास पळविण्याचा दावा करून तेल विकायचे तर परवाना हवा, हे आम्ही त्यांना पहिल्याच बैठकीत सांगितले. अर्जासोबत चिठ्ठीचा मसुदा जोडायचा होता. त्यांनी एक नमुना आणला होता: ‘शंभर टक्के नैसर्गिक, शंभर टक्के सुरक्षा’.

आम्ही लिहिलेला मसुदा वेगळा होता. सायंकाळी हातापायांना लावावे. दर दोन तासांनी पुन्हा लावावे. तान्ह्या मुलांना लावू नये, डोळ्यांपासून दूर ठेवावे. रात्री मच्छरदाणीतच झोपावे. ताप आल्यास त्याच दिवशी रक्त तपासावे. वाचून दाखविला तशी बैठक गप्प झाली. मग गटाच्या अध्यक्ष बाई म्हणाल्या, “काकाजी, असं लिहिलं तं तेल कोण घेईन? आमीच सांगून राह्यलो का याच्यानं पुरं भागत नाही!”

त्यांच्या बोलण्यात खोटे काही नव्हते. बाजारात शेजारच्या पालावर ‘शंभर टक्के’ विकत असताना ‘दोन तास’ कोण विकत घेणार? आणि या बायांना कर्जाचे हप्ते आहेत. कार्यालयात बसून सत्याचा आग्रह धरणे सोपे. डोक्यावर टोपली घेऊन तो धरणे अवघड. आम्ही त्यांना आतेभावाची हकीकत सांगितली. एक तरुण बाई, जिचे मूल तोडणीच्या वेळी झाडाखाली झोळीत निजते, ती म्हणाली, “म्हंजे माह्या पोराले हे लावूच नको का?” आम्ही म्हणालो, झोळीवर जाळी बांध. तेल तू लाव, कारण तू उभी आहेस आणि काम करते आहेस.

त्यानंतर आम्ही त्यांना मंडल्याची दुसरी गोष्ट सांगितली. ज्या जिल्ह्यात १९९५ च्या सुमारास कडुनिंबाच्या तेलाने उत्तम परिणाम दिला होता, त्याच जिल्ह्यात २०१७ साली मलेरिया निर्मूलनाचा एक मोठा पथदर्शी प्रकल्प सुरू झाला, १२३३ गावांत. तेथे हिवताप झपाट्याने खाली आणला तो घरोघर जाऊन तापकऱ्यांचे रक्त तपासून, लगेच पूर्ण औषधोपचार देऊन, औषधयुक्त मच्छरदाण्या वापरात आणून आणि फवारणी नीट करून. तेल एका माणसाला एका सायंकाळी वाचविते. गाव वाचवायचे तर तेल लावलेल्या माणसाला टाळून डास ज्या दुसऱ्याला चावतो, त्याचाही विचार करावा लागतो. ही गोष्ट बायांना आमच्यापेक्षा लवकर पटली. एकीच्या घरचा कचरा दुसरीच्या दारात लोटल्याने गल्ली स्वच्छ होत नाही, असे त्यांच्यातीलच एक जण म्हणाली.

आम्ही जुन्या घराण्यांतील माणसे. आजीच्या बटव्याविषयी आम्हांस ममत्व आहे आणि ते असावे. निर्गुडी, कडुनिंब, वाळा, रोशा ही आमच्या अंगणातील आणि रानातील नावे विस्मृतीत जाऊ नयेत, असे मनापासून वाटते. परंतु बटव्याचा मान राखणे म्हणजे त्याच्याकडून नसलेली कामे मागणे नव्हे. रोशाला जे येते ते त्याच्याकडून घ्यावे: संध्याकाळचे दोन तास, ओसरीवर बसून गप्पा मारण्याइतके, तुळशीपाशी दिवा लावण्याइतके, गोठ्यात धार काढण्याइतके. तेवढे थोडे नाही. रात्र मात्र मच्छरदाणीची आणि सकाळ कूलरची टाकी उपसण्याची.

शेवटी गटाने मसुदा मान्य केला, एका दुरुस्तीसह. ‘दर दोन तासांनी पुन्हा लावावे’ हे वाक्य खाली बारीक अक्षरांत न घालता सर्वांत वर मोठ्या अक्षरांत घालावे, असे अध्यक्ष बाईंनीच सुचविले. त्यांचे कारण व्यवहारी होते: दोन तासांनी पुन्हा लावले तर बाटली लवकर संपेल! आणखी एक ठराव झाला. तेलाच्या जोडीला बाजारात मच्छरदाण्याही ठेवायच्या, म्हणजे गिऱ्हाइकाला ‘पुरं भागत नाही’ असे सांगताना पुढचा माल हाताशी असेल.

अर्ज रीतसर दाखल झाला आहे. परवाना यायचा आहे, आणि सरकारी कामाचा वेग आमच्याइतका कोणास ठाऊक? तोवर रोशाचे दुसरे पीक फुलोऱ्यावर येईल. मच्छरदाण्यांना परवाना लागत नाही. त्यांचा पहिला गठ्ठा नागपूरहून आला, आणि त्यातील पहिली त्या झोळीवाल्या बाईने उधारीवर नेली.